पाकळीचा ल आणि वाचनालयाचे तीन संगणक

नारायण पेठेतल्या आमच्या वाचनालयात नव्या चिठ्ठ्यांचा पहिला गठ्ठा छापून झाला, त्या संध्याकाळी एक निवृत्त शिक्षक पुस्तक बदलायला आले. पुस्तकाच्या पाठीवर नुकतीच डकवलेली चिठ्ठी त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि ग्रंथपाल ताईंना म्हणाले, "ताई, हा ल आपला नाही."

चिठ्ठीवर 'ललित' असं छापलं होतं. दोन्ही ल उजवीकडे उभा दंड असलेले, हिंदी पुस्तकांत असतात तसे. शाळेत पाटीवर गिरवलेला दोन पाकळ्यांचा ल कुठेच नव्हता.

माझ्या हिशेबानं तोवर काम संपलं होतं. तीन संगणक सुरू झाले होते, प्रिंटर छापत होता, बारकोड वाचला जात होता आणि मराठी उमटत होती. सर त्या एका अक्षरावर अडले, म्हणून मी पुन्हा बसलो आणि दोन आठवडे आणखी गेले. त्या दोन आठवड्यांत जे कळलं ते आधीच्या महिन्याभरातल्या कामापेक्षा मोलाचं वाटतं. म्हणून हे सगळं प्रकरण, आधीच्या यंत्रांच्या भागासकट, इथे मांडतो आहे.

काय होतं, काय हवं होतं

वाचनालयात तीन संगणक. एक देवघेवीच्या टेबलावर, एक ताईंच्या खोलीत आणि एक वाचकांनी यादी शोधावी म्हणून बाहेर ठेवलेला. तिन्ही दहा-बारा वर्षांपूर्वीचे, दोन गाभ्यांच्या प्रोसेसरचे, ४ जीबी रॅमचे, फिरत्या हार्ड डिस्कचे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या यंत्रांवर पुढची आवृत्ती बसणार नव्हती. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मिळणाऱ्या अनुदानावर चालणारी संस्था आहे. पुस्तकं, वर्तमानपत्रं, पगार आणि वीज यांतून नवे तीन संगणक निघणं शक्य नव्हतं. मी लहानपणापासूनचा सभासद. कार्यकारिणीतल्या एका काकांनी विचारलं, "तुझं ते लिनक्स बसेल का यांच्यावर?" लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी मुक्त प्रणाली. मी हो म्हणालो.

यादी हा त्यात सर्वांत नाजूक भाग. सुमारे अकरा हजार पुस्तकांची दाखल नोंदवही एका स्प्रेडशीटमध्ये होती, आणि तिचा अर्ध्याहून मोठा भाग नव्वदीच्या दशकातल्या डीटीपी पद्धतीच्या, म्हणजे छपाईची पानं संगणकावर जुळवण्यासाठीच्या, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला. नोंदणीचं काम इतकी वर्षं दुसऱ्या एका काकांनी एकहाती केलं आहे. त्यांना मी पुढे नुसतं काका म्हणेन, कारण वाचनालयात सगळे तेच म्हणतात.

ताईंची अट एकच होती. "अहो, काहीही बसवा, पण वाचकानं नाव लिहिलं की पुस्तक सापडलं पाहिजे."

यंत्रं

इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तापकीर गल्लीतून तीन २४० जीबीच्या एसएसडी, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्क, आणि जुन्या जातीच्या रॅमच्या तीन पट्ट्या आणल्या. संगणक उघडून धूळ झटकली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली. जुन्या यंत्रात सर्वांत जास्त फरक एसएसडीनं पडतो, रॅमचा क्रमांक दुसरा. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर एसएसडी घ्यावी.

प्रणाली म्हणून लिनक्सचीच एक जात असलेली डेबियन १३ आणि तिच्यावर खिडक्या-मेनू दाखवणारा एक्सएफसीई डेस्कटॉप निवडला. डेबियन अशासाठी की ती वर्षानुवर्षं एका जागी स्थिर राहते, आणि दर सहा महिन्यांनी पेठेत धावत येणं मला जमणारं नव्हतं. एक्सएफसीई हलका आहे. त्याचा पट्टा आणि मेनू विंडोजची सवय असलेल्या माणसाला परके वाटत नाहीत. शिवाय त्याची सगळी मांडणी साध्या फाइलींमध्ये राहते, त्यामुळे एका यंत्रावर बसवलेली घडी बाकी दोघांवर उचलून नेता येते.

पूर्वी डेबियन बसवताना वायफायचं किंवा ग्राफिक्सचं बंद फर्मवेअर, म्हणजे तो भाग चालवणारा पण कंपनीनं उघड न केलेला प्रोग्रॅम, वेगळं शोधावं लागायचं. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं आणि २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून ते मिळू लागलं. आवाज, ग्राफिक्स, नेटवर्क हे सगळं पहिल्याच फटक्यात ओळखलं गेलं. बाहेरच्या यंत्राचं वायफाय भिंतीमुळे अडखळत होतं, तिथे सरळ लॅनची तार ओढली.

धूसर अक्षरं

ताईंच्या खोलीतल्या पडद्यावर मराठी अक्षरं पुसट दिसायची. शिरोरेखा कुठे जाड, कुठे बारीक. 'क' आणि 'फ' यांच्यातला फरक कळायला मान पुढे काढावी लागे. तक्रार फॉन्टची आहे असं ताईंनी सांगितलं आणि मीही तसंच धरलं. एक अख्खी संध्याकाळ फॉन्टच्या मांडणीत गेली.

त्या संध्याकाळी जे जुळवलं ते वाया गेलं नाही, म्हणून सांगतो. एक्सएफसीईच्या 'दिसणं' या मांडणीत फॉन्टच्या पानावर हिंटिंग नावाचा पर्याय असतो. अक्षराच्या रेषा पडद्याच्या ठिपक्यांवर नेमक्या बसाव्यात म्हणून त्यांना थोडं सरकवणं, म्हणजे हिंटिंग. ते 'पूर्ण' ठेवलं तर देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एखाद्या ठिपक्यानं वरखाली होतात आणि शब्दाच्या डोक्यावर पायऱ्या पडतात. 'हलकं' ठेवलं तर अक्षर फक्त उभ्या दिशेनं जुळवलं जातं, रुंदीला हात लागत नाही. शिरोरेखा ठिपक्यांच्या एका ओळीवर येते आणि अक्षरांचा आकार शाबूत राहतो. देवनागरीसाठी मी नेहमी हलकंच ठेवतो. रोमन लिपीसाठी आखलेलं १० चं माप मराठीला लहान पडतं, कारण वर रफार-वेलांटी आणि खाली उकार-जोडाक्षर अशा दोन्ही बाजूंना जागा लागते. मेनूचा फॉन्ट १२ केला तेव्हा 'र्की' सारख्या अक्षरांची कापली जाणारी डोकी दिसू लागली.

तरीही पुसटपणा गेला नाही. दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं की पडदा मुळात १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा आहे आणि संगणक त्याला १०२४ बाय ७६८ चं चित्र पाठवतो आहे. पडदा ते ताणून भरतो. ताणलेल्या चित्रात कुठलाही फॉन्ट धूसरच दिसणार. पडदा आपली मापं एका छोट्या तक्त्यातून तारेनं संगणकाला कळवत असतो. व्हीजीए तारेत त्यासाठी वेगळ्या पिना असतात. इथली तार जुनी, एक पिन आत वाकून गेलेली. तक्ता पोचत नव्हता, म्हणून प्रणालीनं बिनधोक्याचं माप धरलं होतं.

आज्ञा लिहून हवं ते माप जबरदस्तीनं बसवता येतं. ते करून पाहिलं. पण माप काढून देणारं साधन रुंदी आठच्या पटीत धरतं, १३६६ ला आठानं भाग जात नाही, मग ते १३६८ देतं आणि चित्र दोन ठिपके सरकतं. नवी तार आणली आणि पाच मिनिटांत प्रश्न संपला. तेव्हापासून कोणी मराठी अक्षरं पुसट दिसतात म्हणालं की मी आधी पडद्याचं माप पाहतो, मग तार, आणि फॉन्ट त्यानंतर.

प्रिंटर आणि बारकोड

वाचनालयाचा लेसर प्रिंटर पंधरा वर्षांचा आहे आणि अजून सुरेख छापतो. त्याच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर टिकत नाही. वीज गेली की ते पुसलं जातं आणि सुरू झाला की संगणकानं ते पुन्हा पाठवावं लागतं. त्या जातीच्या प्रिंटरांसाठी लिनक्सचं पॅकेज आहे, मात्र फर्मवेअरचं बंद प्लगइन वेगळं उतरवावं लागतं आणि त्याची आवृत्ती पॅकेजच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. एकदा अपडेटनंतर ती जुळेनाशी झाली आणि छपाई बंद पडली. आता ते पॅकेज मी अपडेटमधून रोखून धरलं आहे आणि वर्षातून एकदा दोन्ही मिळून हातानं बदलणार आहे.

बारकोड वाचणाऱ्या यंत्राचं प्रकरण मला आधी सुचलंच नसतं. हे यंत्र संगणकाच्या दृष्टीनं एक कीबोर्डच असतं. समोर बारकोड आला की ते आकडे 'टाइप' करतं. आमच्या दाखल क्रमांकाच्या आधी मराठी पुस्तकांसाठी रोमन 'एम' असतो. देवघेवीच्या टेबलावर काका मराठी कळफलक चालू ठेवून काम करतात, आणि पुस्तक त्या यंत्रासमोर धरलं की चौकटीत 'श०४२१७' असं उमटायचं. इनस्क्रिप्ट या सरकारी कळफलक-रचनेत मोठ्या 'एम'च्या जागी श आहे आणि आकड्यांच्या जागी मराठी आकडे. यंत्र इमानानं काम करत होतं, पण त्याचं टंकणंही मराठी कळफलकातून गाळून येत होतं.

यासाठी दोन मार्ग होते. दर वेळी कळफलक बदलायचा, म्हणजे दिवसातून दोनशे वेळा, किंवा फक्त त्या यंत्राला इंग्रजी कळफलक नेमून द्यायचा. एक्सएफसीई ज्या एक्स खिडकी-प्रणालीवर चालतो तिच्यात प्रत्येक कीबोर्डला स्वतंत्र रचना देता येते. यंत्राचं नाव लिहून 'याला नेहमी इंग्रजी' असा नियम एका छोट्या फाइलीत टाकला. एक पथ्य पाळावं लागतं. मराठी लिहिण्याची सोय कीबोर्डच्या मांडणीच्या पातळीवरच ठेवायची, आयबससारख्या लेखन-साधनातून नाही, कारण ते साधन सगळ्या कीबोर्डांचं टंकणं एकत्र घेतं आणि वरचा नियम निकामी होतो. एक्सएफसीईच्या कीबोर्ड मांडणीत 'प्रणालीचीच रचना वापरा' ही खूण तशीच राहू द्यायची, नाहीतर तो आपली रचना सगळ्यांवर लादतो.

या निर्णयानं इनस्क्रिप्टही ठरून गेलं. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्ये ठरवलेली आणि १९८८ मध्ये सुधारलेली ही रचना मला मनापासून आवडते. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क-ख, ग-घ एकाच कळीवर, शिफ्ट दाबली की महाप्राण. ज्याला बाराखडी येते त्याला तिचं तर्कशास्त्र एका बैठकीत समजतं, बोटांना बसायला तीन आठवडे लागतात. काकांना टाइपरायटरच्या रचनेची तीस वर्षांची सवय होती. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी रोज अर्धा तास वर्तमानपत्रातला एक परिच्छेद टंकून ती बदलली. या प्रकरणातलं सर्वांत कठीण काम कोणी केलं असेल तर ते काकांनी.

कोणता फॉन्ट उमटतो ते कोण ठरवतं

डेबियनमध्ये मराठी डेस्कटॉपसाठी पॅकेजांचा वेगळा संच आहे. मी बसवताना भाषा इंग्रजी निवडली होती, म्हणून तो आपोआप आला नाही, नंतर घ्यावा लागला. त्याबरोबर देवनागरीचे अर्धा डझन फॉन्ट येतात आणि इथेच गोंधळ सुरू होतो. एखाद्या प्रोग्रॅमनं फॉन्टचं नाव न घेता नुसता 'सॅन्स' मागितला, तर फॉन्टकॉन्फिग नावाची यंत्रणा यादीतून देवनागरी असलेला पहिला फॉन्ट उचलून देते. यादीचा क्रम आपण ठरवला नसेल तर तो कसाही असतो. मेनूत एक, ब्राउझरमध्ये दुसरा. एका जुन्या फॉन्टमध्ये 'ॲ' नव्हताच, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक देणाऱ्या जागतिक तक्त्यात, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. तिथे एकाच शब्दातलं एक अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून आणलं जाई आणि 'ॲड.' मधला पहिला वर्ण बाकीच्यांपेक्षा ठेंगणा दिसे.

उपाय सोपा आहे. वापरकर्त्याच्या मांडणीच्या फोल्डरमध्ये फॉन्टकॉन्फिगची फाइल करून तीत लिहायचं की मराठीसाठी आधी नोटो सॅन्स देवनागरी, मग लोहित देवनागरी. मग फॉन्टचा साठा नव्यानं वाचायला लावायचा आणि 'मराठीसाठी कोणता फॉन्ट देशील' असं फॉन्टकॉन्फिगच्या जुळवणी-आज्ञेनं विचारून खात्री करायची. जे फॉन्ट नकोत ते काढूनच टाकावेत.

लोहितबद्दल मला आपुलकी आहे. रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीनं हा फॉन्ट मुक्त परवान्यानं दिला आणि त्याची देखभाल करणारे अभियंते पुण्यात बसत. सी-डॅक ही सरकारी संगणक-संस्थाही १९८८ पासून याच शहरात. भारतीय लिप्यांच्या संगणकीय इतिहासातली बरीच पानं पुण्यात लिहिली गेली, आणि त्याच शहरातल्या वाचनालयात ल चुकीचा छापला जावा, हे मला टोचलं.

हा ल आपला नाही

सरांच्या बोलण्यानंतर मी आधी फॉन्टवरच संशय घेतला. नोटो हिंदीसाठी केलेला असेल, म्हणून दुसरा शोधू लागलो. मग फॉन्टच्या आत पाहिलं तर पाकळीचा ल आणि देठाचा श दोन्ही तिथे होते. फक्त वापरले जात नव्हते.

युनिकोडमध्ये ल एकच आहे, ०९३२. श एकच, ०९३६. हिंदी आणि मराठी रूपांना वेगळे क्रमांक नाहीत, आणि नसावेतही, कारण अक्षर तेच आहे. कोणतं रूप दाखवायचं ते फॉन्टमधला 'स्थानिक रूपं' नावाचा नियम ठरवतो. मजकूर मराठी असेल तर पाकळीचा ल, नाहीतर दंडाचा. पण मजकूर मराठी आहे हे फॉन्टला कोण सांगणार? अक्षरं पाहून ते कळत नाही, लिपी तर एकच. ते प्रोग्रॅमनं सांगावं लागतं आणि प्रोग्रॅमला आपण.

आपण काही सांगितलं नाही तर काय होतं? एक्सएफसीईचे मेनू, फाइल-खिडक्या, साधा मजकूर-संपादक हे सगळं पँगो नावाच्या तयार प्रोग्रॅम-संचातून अक्षरं मांडतं. प्रणालीची भाषा इंग्रजी असेल आणि समोर देवनागरी आली, तर पँगोच्या तक्त्यात देवनागरीची नमुना-भाषा म्हणून एकच नोंद आहे, हिंदी. त्यात कोणाचा वाईट हेतू नाही. प्रत्येक लिपीसाठी एक भाषा लिहायची होती, ती लिहिली. परिणाम मात्र असा की इंग्रजी मेनू ठेवणारा प्रत्येक मराठी माणूस या डेस्कटॉपला हिंदीभाषक वाटतो.

महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली, तिच्यात ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त घेतला आहे. सरांनी तो निर्णय वाचला होता की नाही, मी विचारलं नाही. त्यांनी चाळीस वर्षं फळ्यावर तो ल काढला होता, तेवढं पुरेसं आहे.

ताईंना मेनू इंग्रजीच हवे होते, फोनवरून मला विचारताना सोपं जातं म्हणून. म्हणून संपूर्ण प्रणाली मराठी केली नाही. प्रणालीच्या भाषेचे अनेक कप्पे असतात: संदेशांची भाषा, तारखांची, चलनाची, अक्षरवर्गाची. पँगो आपली मूळ भाषा अक्षरवर्गाच्या कप्प्यातून घेतो. संदेश भारतीय इंग्रजी ठेवले, अक्षरवर्ग मराठी केला, बाहेर पडून पुन्हा आत आलो, आणि फाइलींच्या नावांतले सगळे ल एकदम पाकळ्यांचे झाले. ताईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, हे तर लगेच ओळखीचं वाटतंय."

मजकूर आणि तक्ते करायच्या लिबरऑफिसला वेगळं सांगावं लागलं. तो पँगोवर नाही, स्वतः हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं साधन वापरतो आणि भाषा मजकुरावर लावलेल्या खुणेतून घेतो. पर्यायांमध्ये भाषांच्या पानावर जटिल लिप्यांची मूळ भाषा हिंदी होती, ती मराठी केली. नवीन फाइल बरोबर आली, चिठ्ठ्यांची जुनी फाइल तशीच. जुन्या मजकुरावर हिंदीची खूण आधीच बसलेली असते, वरची मांडणी बदलून ती पुसली जात नाही. मूळ परिच्छेद-शैली उघडून तिथली भाषा बदलली, मग सगळा मजकूर निवडून त्यावर मराठी लावली. ब्राउझरमध्ये हे पानाच्या हाती असतं. पान लिहिणाऱ्यानं भाषा मराठी अशी नोंद केली असेल तर ल बरोबर येतो. वाचकांच्या शोधाचं पान मीच लिहिलेलं होतं आणि त्यात ती नोंद नव्हती. ती घातली.

ज्यांना एवढ्या ठिकाणी हात घालणं शक्य नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. तिरो देवनागरी मराठी हा मुक्त परवान्याचा फॉन्ट मराठीसाठीच वेगळा काढलेला आहे. त्याची हिंदी आणि संस्कृत भावंडं निराळी आहेत. त्यात मूळ रूपच मराठी आहे, कोणी भाषा सांगो न सांगो. पाठीवरच्या चिठ्ठ्या आता आम्ही त्यातच छापतो. पडद्यासाठी मात्र मला नोटो जास्त सुवाच्य वाटतो.

दर्या आणि दऱ्या

ताईंची अट अजून पुरी व्हायची होती.

जुन्या फॉन्टमधली यादी म्हणजे मुळात रोमन अक्षरांचे क्रमांक होते, ज्यांच्यावर मराठी चित्रं चढवलेली. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक रोमन अक्षरं दिसत. शिवाय त्यात अक्षरं दिसण्याच्या क्रमानं साठवलेली. 'दिवाळी' मधली ऱ्हस्व वेलांटी द च्या आधी, 'सूर्य' मधला रफार य च्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक रूपांतरक लिहिला. आधी चित्र-ते-अक्षर तक्ता, मग वेलांटी मागे, मग रफार पुढे. तक्ता काकांनी शेजारी बसून तपासला, कारण कुठल्या कळीवर कुठलं अर्धं अक्षर होतं हे त्यांच्या बोटांना पाठ होतं.

रूपांतरानंतर दोन हजार नोंदी डोळ्यांखालून घातल्या आणि 'वर्हाडी पाककृती' समोर आली. मराठीत र चे अर्धे रूप दोन तऱ्हांचं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्याला नमस्कार करायचा, आचाऱ्याला जेवणाचं सांगायचं. जुन्या फॉन्टमध्ये या दोन्हींची चित्रं वेगळी होती, माझ्या तक्त्यात दोन्ही रफारावर गेली. हिंदीला हा भेद लागत नाही. मी आधार म्हणून घेतलेला तक्ता हिंदीसाठी केलेला होता. पुन्हा तीच गोष्ट.

आणि दुरुस्त केल्यावरही शोध लागेना. 'वऱ्हाड' दोन प्रकारे लिहिता येतं. एक, स्वतंत्र ऱ, क्रमांक ०९३१, त्याचा पाय मोडून. दुसरं, साध्या र चा पाय मोडून पुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडच्या प्रमाणीकरणात यांना समान मानलेलं नाही, त्यामुळे ते आपोआप जुळत नाहीत. 'ॲ'चंही तसंच. एका क्रमांकाचा ॲ आणि 'अ' वर चंद्र देऊन केलेला, दिसायला एक, शोधाला दोन. मी नियम ठरवला की साठवताना नेहमी ०९३१ चा ऱ आणि ०९७२ चा ॲ. आणि वाचक शोधताना जे लिहील तेही आधी याच रूपात बदलून मग यादीत पाहायचं. वाचक फोनवरच्या सवयीनं काहीही लिहो, ती जबाबदारी यंत्राची. इनस्क्रिप्टमध्ये र च्याच कळीवर शिफ्ट दाबली की ऱ मिळतो, म्हणून काकांच्या नव्या नोंदी मुळातच बरोबर येतात.

छापील यादी अकारविल्हे लावतानाही तेच सूत्र. नुसत्या क्रमांकांनी लावली तर ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो, क्ष क च्या शेवटी, ज्ञ ज च्या शेवटी. आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ. पेठेतला वाचक 'ज्ञ'ची पुस्तकं यादीच्या शेवटच्या पानावर शोधतो, कारण शाळेच्या तक्त्यात ते तिथेच होते. लिबरऑफिसच्या क्रमवारीत भाषा मराठी निवडली की क्रम आपला लागतो. निवडायची मात्र आपणच.

आजची स्थिती

तिन्ही यंत्रं रोज चालतात. वाचनालयाच्या जुन्या स्मरणिकांची पानं त्या काळच्या डीटीपी फाइलींमध्ये आहेत आणि त्या नव्या प्रणालीवर उघडत नाहीत. त्यांच्यासाठी एक जुनी डिस्क तशीच, नेटला न जोडता, कपाटात ठेवली आहे. फाइलींतला मजकूर काढता येईल, पानांची मांडणी गमवावी लागेल. ती गमवायची की नाही, यावर कार्यकारिणीत एकमत नाही, आणि मलाही घाई करावीशी वाटत नाही.

दंडाच्या ल च्या चिठ्ठ्या चारशेच्या आसपास पुस्तकांवर लागल्या होत्या. पुस्तक परत आलं की ताई जुनी चिठ्ठी ओल्या बोळ्यानं सोडवतात आणि नवी लावतात. रफार आणि ऱ यांतल्या ज्या नोंदी रूपांतरकाला नक्की सांगता आल्या नाहीत त्यांची वेगळी यादी छापून काकांना दिली. वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी ते मूळ पुस्तक कपाटातून काढतात, मुखपृष्ठ पाहतात आणि पेन्सिलीनं खूण करतात. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. 'सुर्या' या नावाचं एक पुस्तक सापडलं, ते माणसाचं नाव आहे की धारदार सुऱ्या, हे मुखपृष्ठावरूनही ठरेना. आता पुस्तक घरी नेऊन वाचतो, म्हणाले, आणि मग नोंद करतो.